गुरुत्वाकर्षण बुडालं : संगणकाची गोष्ट नेमकी कुठे फसते?

कंदील
शनिवार, रात्री १०:४०

गेले तीन आठवडे कामावरून आलो की एकच उद्योग चालू आहे. आपली चिऊ-काऊची गोष्ट संगणकाकडून रचून घ्यायची. आठवून सांगायची नाही, रचायची. चिमणी, कावळा, शेणाचं घर, मेणाचं घर आणि पाऊस एवढं सामान द्यायचं आणि पुढचं त्याचं त्याने जुळवायचं. हल्लीच्या चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलला सांगितलं तर ते अख्खी गोष्ट क्षणात लिहून देतं, पण ती त्याने कुठेतरी वाचलेली असते. मला गोष्ट तयार होताना बघायची होती. म्हणून जुन्या वाटेने गेलो. प्रत्येक पात्राला एक गरज दिली. गरज भागवायला काही कृती दिल्या. प्रत्येक कृतीसाठी आधी काय खरं असावं लागतं आणि नंतर काय खरं होतं, ते लिहिलं. त्यावरून पात्राने आपला बेत आखायचा.

काल रात्री पहिल्यांदा न अडखळता चाललं. जे आलं ते जसंच्या तसं देतो:

"पाऊस आला. कावळ्याचं घर वाहून गेलं. कावळ्याला थंडी वाजू लागली. कावळा चिमणीच्या घरी गेला. कावळ्याने चिमणीला दार उघडायला सांगितलं. चिमणीने दार उघडलं. कावळ्याची थंडी गेली."

संपली. तर्कात कुठे खोट नाही. एकही वाक्य काढता येत नाही. पण तीन वर्षांच्या मुलालाही हे सांगितलं तर ते "मग?" म्हणून तोंडाकडे बघत बसेल.

मला कळत नाहीये की नेमकं काय राहिलं. कृती वाढवू? भावना घालू? ज्यांनी या विषयात वाचलंय किंवा स्वतः काही करून पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा.

---

तळटीप
शनिवार, रात्री ११:३२

कंदील, तुमच्या कावळ्याचं घराणं जुनं आहे. जेम्स मीहान यांनी येल विद्यापीठात रॉजर शँक यांच्या हाताखाली 'टेल-स्पिन' नावाचा प्रोग्राम लिहिला, त्यावरचा प्रबंध १९७६ चा. मांडणी हुबेहूब तुमची. रानातले प्राणी, त्यांची तहान-भूक, आणि ती भागवायचे बेत. मीहान यांनी त्यात फसलेल्या गोष्टीही मोकळ्या मनाने दिल्या, आणि मी या विषयात जे काही शिकलो ते बरंचसं त्या फसलेल्या गोष्टींमधून.

हेन्री नावाचा मुंगळा तहानेने नदीवर जातो. काठावर त्याचा जिवलग मित्र बिल पक्षी बसलेला आहे. हेन्री घसरून पाण्यात पडतो. त्याला हाक मारता येत नाही. तो बुडून मरतो, आणि बिल तिथेच बसून असतो. मीहानना हे अजिबात अपेक्षित नव्हतं; बिलने वाचवायला हवं होतं. पण त्यांनी नुकताच एक नियम घातला होता, की पाण्यात असलेल्याला बोलता येत नाही. आणि बिलला कोणी काही सांगितल्या-विचारल्याशिवाय काही कळायची सोयच नव्हती. डोळ्यांसमोर मित्र बुडतोय, पण 'दिसणं' ही गोष्ट प्रोग्राममध्ये नाही!

मग त्यांनी दुरुस्ती केली. कोणी जागा बदलली की जवळच्याला ते दिसावं. हेन्री वाचू लागला. पण आधी एका फेरीत शेवटचं वाक्य आलं होतं, "गुरुत्वाकर्षण बुडालं." कारण पडणं हे 'गुरुत्वाकर्षणाने हेन्रीला नदीत नेलं' असं लिहिलेलं होतं. जो नेतो तो स्वतःही तिथे पोचतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणही नदीत. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत, वाचवायला मित्र नाही. बुडालं. पुढे पडण्याची नोंदच वेगळ्या प्रकारे करावी लागली.

आणि तुमच्यासाठी खास, तिथेही एक कावळा आहे. जुनी कोल्हा-कावळ्याची गोष्ट घडवायची होती. कावळा झाडावर बसलाय, चोचीत चीजचा तुकडा. प्रोग्राम सुरू झाला. कावळ्याच्या लक्षात आलं की आपल्या चोचीत चीज आहे, ते लक्षात येताच त्याला भूक लागली, त्याने ते गिळलं. कोल्हा चालत कावळ्याकडे आला. समाप्त.

या तिन्ही घटना शेजारी ठेवून बघा. दोन ठिकाणी बिघाड एकाच जागी आहे, कोणाला काय कळलं आणि केव्हा कळलं. तुमच्या कोडमध्ये चिमणीला कावळ्याचं घर वाहून गेल्याचं माहीत आहे का? असेल तर कसं काय?

---

निळीशाई
रविवार, सकाळी ७:५८

वाचतेय. मुंगळ्याची गोष्ट वाचून पोटात कालवलं.

---

अर्धविराम
रविवार, सकाळी ९:१५

मी मालिकांसाठी लिहिते, म्हणून माझ्या कामातून जे दिसतं ते लिहिते. कंदीलदादा, तुमच्या गोष्टीत सगळ्यांच्या इच्छा आहेत, पण गोष्ट सांगणाऱ्याची इच्छा कुठेच नाही. कावळ्याला ऊब हवी, ती त्याला मिळाली. पण सांगणाऱ्या आजीला काय हवं असतं? कावळा बाहेरच राहावा, निदान अजून थोडा वेळ.

'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला काजळ लावते.' हे चिमणीच्या तोंडी आहे, पण दार धरून ठेवलंय ते आजीने.

आमच्याकडे ट्रॅक, म्हणजे मालिकेतला एखादा कथाधागा, बसवताना आधी हेच ठरतं. दोघांनी एकमेकांना खरं सांगितलं तर विषय एका एपिसोडमध्ये मिटतो, मग त्यांना सांगू का द्यायचं नाही? आणि ज्या कारणाने सांगत नाहीत ते त्यांच्या स्वभावात बसलं पाहिजे, नाहीतर प्रेक्षक लगेच ओळखतो की लेखकाने मुद्दाम अडवलंय. माझा निम्मा दिवस या एका कारणाच्या शोधात जातो. एकदा एका ट्रॅकमध्ये असं कारण सापडलं नाही, वेळ संपत आली, आणि आम्ही फोन बंद पडल्याचं दाखवून निभावलं. तो भाग मला अजून बघवत नाही.

यावर संशोधन झालंय का?

---

तळटीप
रविवार, सकाळी १०:०५

झालंय, आणि अगदी तुम्ही म्हणता त्याच मुद्द्यावर. नॅटली डेन यांनी १९८१ मध्ये टेल-स्पिनच्या पुढे काय, असा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं हेच, की पात्रांचे हेतू पुरत नाहीत, लेखकाचे हेतू वेगळे धरायला हवेत. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात मायकेल लेबोविट्झ यांनी 'युनिव्हर्स' हा प्रोग्राम लिहिला, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेला प्रकार म्हणजे न संपणाऱ्या कौटुंबिक मालिका! त्यात प्रेमिकांना एकत्र येऊ न देणं हे लेखकाच्या खात्यातलं उद्दिष्ट होतं, आणि ते साधायला कथानकाचे तुकडे. जबरदस्तीचं लग्न हा त्यातलाच एक.

राफाएल पेरेझ इ पेरेझ यांचं 'मेक्सिका' (१९९९) तिसऱ्याच बाजूने जातं. तिथे आधी मनात येईल तसं पुढे रचत जायचं आणि मध्येच थांबून आपलंच लिहिलेलं तपासायचं, ताण वाढतोय की नाही, जुन्या गोष्टीची नक्कल तर होत नाही ना. लिहिणारी माणसं असंच करतात, असं मला वाटतं.

---

शून्यवेळ
रविवार, दुपारी १२:२०

सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो. हे सगळं १९७६, १९८१ चं. आज भाषा-मॉडेलला दोन ओळी सांगितल्या की दहा पानं येतात. आजी, चिमणी, काजळ, सगळं त्यात असतं. वाक्यंही सुरेख. मग पाय, पंख आणि मित्र यांची यादी हाताने लिहिण्यात आता काय हाशील? मला खरंच समजून घ्यायचंय.

---

पायवाट
रविवार, दुपारी १:४७

शून्यवेळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी वेगळ्या टोकाकडून देतो, कारण मी वाचकाला हातपाय असलेल्या गोष्टी लिहितो. म्हणजे जिथे पुढे काय करायचं ते वाचकच ठरवतो. अशा गोष्टी लिहायच्या साधनांपैकी इन्फॉर्ममध्ये सुरुवात केली, आता बहुतेक ट्वाइनमध्ये.

यातलं पहिलं दुखणं साधं गणित आहे. दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येक फांदी वेगळी ठेवली तर १०२४ शेवट होतात. वीस ठिकाणी दिले तर १०,४८,५७६. कोण लिहिणार? म्हणून आम्ही सगळे फांद्या पुन्हा एकत्र आणतो. तू डावीकडे जा नाहीतर उजवीकडे, नदीपाशीच पोचशील. वाचकाला एक-दोनदा कळत नाही, तिसऱ्यांदा कळतं, आणि मग त्याचा विश्वास उडतो.

दुसरं दुखणं खोल आहे. मागच्या वर्षी एक गोष्ट लिहीत होतो. पहिल्या प्रसंगात टेबलावर एक पत्र आहे. पाचव्या प्रसंगात बहीण ते वाचते आणि तिला कळतं की भाऊ इतकी वर्षं खोटं बोलत होता. सगळी गोष्ट त्या पत्रावर उभी. मैत्रिणीला वाचायला दिली. तिने पहिल्याच मिनिटाला पत्र उचललं आणि शेगडीत टाकलं. शेगडी मीच ठेवली होती, खोली उबदार वाटावी म्हणून!

आता काय करायचं? मायकेल यंग आणि मार्क रीडल यांच्या गटाने २००३ च्या सुमारास यावर नेमकं काम केलं. त्यांनी दोन वाटा मांडल्या. एक, कृती होऊच द्यायची नाही. शेगडी विझलेली निघते, पत्र ओलं असतं, काहीतरी होऊन ते जळत नाही. दुसरी, जळू द्यायचं आणि उरलेली गोष्ट नव्याने आखायची. आता बहिणीला ते कळण्याचा दुसरा मार्ग शोधायचा. पत्र ज्याने लिहिलं तो स्वतःच येऊ दे, नाहीतर भावाच्या हाताला काजळी दिसू दे. पहिली वाट स्वस्त आहे, दुसरी महाग. पहिली जास्त वापरली की वाचकाला हात बांधल्यासारखं वाटतं.

मी दुसरी घेतली. शेगडीतल्या राखेत एक कोपरा उरतो, त्यावर फक्त तारीख. बहिणीला तारखेवरून संशय येतो, खात्री होत नाही. माझी मूळ गोष्ट यापुढे फिकी पडली. पण हे मी माणूस म्हणून बसून केलं, आठ दिवस लागले. वाचक समोर बसलेला असताना, त्या क्षणी, यंत्राने हे करायला काय लागेल? पत्र कशासाठी होतं हे त्याला माहीत असावं लागेल. ते बहिणीला एक गोष्ट *कळावी* म्हणून होतं. कागद हा नुसता वाहक. ज्या यंत्राकडे ही नोंद नाही ते फार तर दुसरं पत्र आणून ठेवेल.

आता 'फसाड' या संगणकावरच्या खेळाबद्दल, कारण त्याशिवाय हा विषय होतच नाही. मायकेल मटेआस आणि अँड्रू स्टर्न या दोघांनी पाच वर्षांहून जास्त खपून ते केलं आणि २००५ मध्ये फुकट खुलं केलं. ग्रेस आणि ट्रिप हे जोडपं, तुम्ही त्यांचे जुने मित्र, संध्याकाळी त्यांच्या घरी आलात. मनाला येईल ते टाइप करा. वीसेक मिनिटांत त्यांचा संसार तुमच्यासमोर उसवतो. आत २७ प्रसंग-तुकडे आहेत, आणि आतापर्यंत काय घडलंय व ताण कुठवर चढलाय ते बघून एक सूत्रधार पुढचा तुकडा निवडतो. तुमचं वाक्य त्याला पूर्ण कळत नाही. तो ते मोजक्या कृतींमध्ये बसवतो. तुम्ही बाजू घेतली, टीका केली, सांत्वन केलं, विषय बदलला. त्यामुळे कधी साफ चुकतं. पण मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा ग्रेसच्या सजावटीबद्दल एक बरा शब्द बोललो आणि ट्रिपचा आवाज कडवट झाला, तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो होतो. वीस मिनिटांसाठी दोन माणसांची पाच वर्षं. या क्षेत्राची अडचण एवढ्यात समजते.

---

निळीशाई
रविवार, संध्याकाळी ६:१०

मी तांत्रिक काहीच जाणत नाही, बालवर्गाला शिकवते. पण 'कोणाला काय माहीत' यावर मला रोज दिसतं ते सांगते.

परवा मी एक गोष्ट सांगत होते. लांडगा आजीचा आवाज काढून दाराबाहेर उभा आहे, आत करडं आहेत. पाच वर्षांचा एक मुलगा ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "उघडू नका! तो लांडगा आहे!" त्याच्या शेजारी साडेतीन वर्षांची एक मुलगी बसली होती. तिने शांतपणे मला विचारलं, "बाई, ती का उघडणार? लांडगाच आहे ना?"

मला क्षणभर समजलं नाही. मग लक्षात आलं. तिला स्वतःला माहीत आहे की बाहेर लांडगा आहे, म्हणून तिच्या लेखी ते करडांनाही माहीत आहे. त्यामुळे तिला भीतीच वाटत नव्हती. गोष्ट तीच, आवाज तोच, मी डोळे मोठे केलेले तेही दोघांसमोरच. एकासाठी गोष्ट घडत होती, दुसरीसाठी नव्हती.

प्रशिक्षणात आम्हाला यावरचा प्रयोग शिकवला होता. १९८५ चा, सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांचा. सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, अ‍ॅन ती डब्यात हलवते. सॅली परत आल्यावर कुठे शोधेल? लहान मुलं बहुधा डब्याकडे बोट दाखवतात, कारण गोटी खरोखर तिथेच आहे. साधारण चार वर्षांच्या पुढे मुलं टोपली म्हणू लागतात.

कंदील, तुमची चिमणी मला त्या साडेतीन वर्षांच्या मुलीसारखी वाटली. तिला सगळं आधीच माहीत आहे.

---

कंदील
रविवार, रात्री ९:०२

निळीशाईताई, मी आत्ता कोड उघडून बघितलं. अगदी तसंच आहे. माझ्याकडे जगाची एकच यादी आहे. 'कावळ्याचं घर नाही' ही ओळ त्या यादीत पडली की सगळ्यांना ती वाचता येते. चिमणी बंद घरात, पावसात, दाराआड, तरी तिला ठाऊक. कावळा दाराशी यायच्या आधीपासून ठाऊक!

अर्धविरामताईंचा मुद्दा आधी करून पाहिला. चिमणीला कामं दिली, अंघोळ, पुसणं, काजळ, झोपवणं, आणि कामं संपल्याशिवाय दार उघडायचं नाही असं घातलं. कावळ्याने हिशेब केला, थांबण्यापेक्षा शेजारच्या झाडाच्या ढोलीत जाणं सोपं. तो निघून गेला. चिमणी बाळाला काजळ लावत राहिली. ढोली काढून टाकली तर तो दाराशी मुकाट उभा राहिला, कारण पुन्हा हाक मारून त्याच्या बेतात काहीच फरक पडत नव्हता.

मीच हातात छडी घेऊन त्यांना गोष्टीसारखं वागायला लावतोय, अशी भावना झाली. आता यादी फोडतो. प्रत्येकाची वेगळी. वेळ लागेल.

---

तळटीप
सोमवार, सकाळी ८:२०

शून्यवेळ यांचा प्रश्न राहिला होता, तो महत्त्वाचा आहे.

भाषा-मॉडेल आल्यावर वाक्यांचा प्रश्न सुटला, यात वाद नाही. मीहानच्या वेळी एकेक वाक्य साच्यातून काढावं लागे. २०१९ मध्ये जीपीटी-२ हे भाषा-मॉडेल आलं आणि त्याच वर्षी त्यावर 'एआय डंजन' नावाचा खेळ झाला, काहीही टाइप करा, गोष्ट पुढे जाते. लोक वेडे झाले, मीही झालो. पण त्या मॉडेलला एका वेळी १०२४ टोकन दिसत. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. त्यामागचं सगळं दृष्टीआड. मी ज्याला पुरून आलो तो गडी तासाभराने दार ठोठावत होता. पुढच्या वर्षी जीपीटी-३ ला २०४८ झाले, आणि तेव्हापासून ही खिडकी खूपच मोठी होत गेली आहे. आज अख्खी कादंबरी समोर ठेवता येते.

पण खिडकी मोठी होणं आणि हिशेब ठेवणं वेगळं आहे. मॉडेलसमोर सगळा मजकूर आहे, म्हणजे पुन्हा एकच यादी झाली, कंदील यांच्यासारखी. त्या मजकुरातून 'हे बहिणीला माहीत नाही' हे दर वेळी नव्याने ओळखायचं असतं. हार्वर्डचे टोमर उलमन यांनी २०२३ मध्ये जीपीटी-३.५ ला सॅलीसारखीच कोडी थोडी बदलून घातली. पिशवीवर चॉकलेट लिहिलंय, आत पॉपकॉर्न आहे, बघणारीला काय वाटेल? हे बरोबर आलं. मग पिशवी पारदर्शक केली, म्हणजे आतलं दिसतंच आहे. तरी उत्तर आलं, तिला चॉकलेट वाटेल. पुढची मॉडेल्स यात सुधारली आहेत. पण बोलण्यात तरबेज असणं ही त्या हिशेबाची खात्री नव्हे, हे तेव्हा स्पष्ट झालं.

त्याच वर्षीचं स्टॅनफर्डचं काम वाचा, जून सुंग पार्क आणि सहकाऱ्यांचं. एका छोट्या आभासी गावात २५ पात्रं, प्रत्येकाच्या मागे भाषा-मॉडेल. पण त्यांनी प्रत्येकाला *स्वतःची* आठवणवही दिली. पात्राने जे पाहिलं-ऐकलं तेवढंच त्यात, आणि ताजेपणा, महत्त्व व समोरच्या प्रसंगाशी संबंध बघून आठवणी वर येतात. इझाबेला नावाच्या एकाच पात्राला सांगितलं, व्हॅलेंटाइन दिवसाची पार्टी द्यायची आहे. दोन आभासी दिवसांनी ती बातमी १३ जणांपर्यंत पोचली होती, बोलता बोलता, एकाकडून दुसऱ्याकडे. बारा जणांना आमंत्रण गेलं, पाच आले. उरलेल्यांपैकी काहींनी दुसरं काम असल्याचं सांगितलं.

म्हणून पाय-पंखांच्या याद्या हाताने लिहिण्याची गरज आता कदाचित नाही. पण पात्रागणिक वेगळी वही लागते, आणि तिची गरज मीहान यांच्या मुंगळ्यापासून चालत आलेली आहे.

---

शून्यवेळ
सोमवार, सकाळी ११:४८

हे पटलं. मनापासून आभार. माझी एक शंका मात्र उरते. पाच जण पार्टीला आले, ही बातमी आहे. गोष्ट कुठे आहे? २५ जण दोन दिवस जगले, त्यात बहुतेक वेळ दात घासणं, चहा-कॉफी आणि हवापाण्याच्या गप्पाच असणार.

---

अर्धविराम
सोमवार, दुपारी १:३०

शून्यवेळ, बरोबर विचारलंत. माझ्यासाठी त्या बारा जणांपैकी जो 'येतो' म्हणाला आणि आला नाही, तिथे गोष्ट आहे. तो आदल्या दिवशी कोणाशी बोलला? इझाबेला दाराकडे किती वेळा बघत होती? त्या दोन दिवसांच्या ढिगातून हा एक धागा उचलायला कोणीतरी हवं. मालिकेतही माझ्या पात्रांचं आयुष्य मी खूप मोठं लिहून ठेवते, पडद्यावर त्यातलं थोडंच येतं. आणि काय आधी दाखवायचं, काय मागे ठेवायचं, हे निवडताना मी प्रेक्षकाचीही एक वही डोक्यात ठेवते. त्याला आत्तापर्यंत काय माहीत आहे? पात्रापेक्षा जास्त की कमी?

---

तळटीप
सोमवार, दुपारी २:०५

जेम्स रायन यांच्या २०१८ च्या प्रबंधाचा विषय हाच आहे. ते म्हणतात की आभासी जगात घडलेलं सगळं ही गोष्ट नव्हे, तो कच्चा माल आहे. त्यातून वेचून सांगणारा वेगळा हवा. त्यांच्या 'बॅड न्यूज' या प्रयोगात संगणक आधी एका छोट्या गावाचा सुमारे १४० वर्षांचा इतिहास घडवतो. मग एक खेळाडू त्या गावात जातो, आणि एक जिवंत नट समोर बसून गावातल्या माणसांच्या भूमिका करतो. खेळाडूचं काम काय, तर एका मृत माणसाच्या जवळच्या नातेवाइकाला शोधून मृत्यूची बातमी सांगणं. म्हणजे एक गोष्ट एकाला माहीत आहे, दुसऱ्याला अजून नाही, एवढ्यावर सगळा प्रयोग उभा.

अर्धविरामताई, प्रेक्षकाची वही हा शब्द मी वापरणार आहे.

---

पायवाट
सोमवार, रात्री १०:१५

माझ्या पत्राच्या गोष्टीत हीच तिसरी वही नव्हती. भाऊ, बहीण आणि वाचक. वाचकाने पत्र जाळण्याआधी उघडून वाचलं की न वाचता जाळलं, याने पाचवा प्रसंग पूर्ण बदलायला हवा, आणि मी ते नोंदलंच नव्हतं! न वाचता जाळलं असेल तर राखेतला तो कोपरा बघताना वाचक बहिणीच्या बाजूला उभा आहे. वाचून जाळलं असेल तर तो भावाचा साथीदार आहे. आज रात्री बसतोय.

---

कंदील
पुढचा रविवार, पहाटे १:२०

झोप येत नाहीये, आत्ताच चालवून बघितलं, म्हणून लगेच लिहितो.

याद्या फोडल्या. चिमणीची वेगळी, कावळ्याची वेगळी. भिंतीपलीकडचं दिसत नाही. दार बंद असेल तर फक्त आवाज पोचतो, आणि आवाज पोचला तरी तो कोणाचा हे आपोआप कळत नाही. पावसात हळू आवाज ऐकूच येत नाही. याशिवाय फारसं काही बदललं नाही. कामांची ती सक्ती काढून टाकली. चिमणीला बाळ आहे आणि बाळाला अंघोळ हवी आहे, एवढंच ठेवलं. अनोळखी असेल तर बाळाला धोका, हा एक नियम घातला. आलं ते असं:

"पाऊस आला. कावळ्याचं घर वाहून गेलं. चिमणी बाळाला अंघोळ घालत होती. कावळा चिमणीच्या दाराशी आला. कावळ्याने हाक मारली. चिमणीला हाक ऐकू आली नाही. चिमणीने बाळाला पुसलं. कावळ्याने मोठ्याने हाक मारली. चिमणीला आवाज ऐकू आला. चिमणीने विचारलं, कोण आहे? कावळ्याला ऐकू आलं नाही. चिमणीने बाळाला जवळ घेतलं. कावळ्याने मोठ्याने हाक मारली. चिमणीने मोठ्याने विचारलं, कोण आहे?"

'कोण आहे' हे मी कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे 'माहीत नसेल तर विचारणं' ही कृती होती, ती मीहान यांच्या प्राण्यांकडेही होती, पण दारामागून हा प्रश्न यावा असं मी कुठेच सांगितलं नव्हतं. तिच्या यादीत दाराबाहेरच्या आवाजाचा धनी ही जागा रिकामी होती, म्हणून तिने विचारलं. आणि कावळा पुन्हा पुन्हा हाक मारतोय, कारण चिमणीला आपण आलोय हे कळलंय की नाही, हे त्याला माहीत नाही.

इथून पुढे मात्र अडकलंय. पाऊस मी जोरात ठेवलाय, म्हणून तिचा मोठ्याने विचारलेला प्रश्नही त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि तो हाक मारतच राहतो. चाळीस फेऱ्यांनंतर मी थांबवलं. पावसाचा जोर एका आकड्याने कमी केला की सगळं सुटतं, त्याला प्रश्न ऐकू येतो, तो नाव सांगतो, दार उघडतं. तो आकडा केव्हा बदलायचा, तिसऱ्या हाकेला की सातव्या, हे कावळाही ठरवू शकत नाही आणि चिमणीही नाही.

अर्धविरामताई, ते तुम्ही सांगा. बाळ आता अंघोळ करून तिच्या कुशीत आहे आणि अजून काजळ लावायचं राहिलंय.